मथळ्यातून गळलेला शब्द

क्रीडावार्तेतील चूक ही क्षम्य चूक आहे, असे मत वृत्तव्यवसायात आणि वाचकवर्गातही बराच काळ रुजलेले आहे. या मताची मांडणी त्याच्या समर्थकांकडून साधारणतः पुढीलप्रमाणे केली जाते : खेळ हा करमणुकीचा विषय असल्यामुळे त्यातील एखादा आकडा चुकला तरी कोणाचे घर बुडत नाही, सामना संपताच बातमी हवी असणारा वाचक पडताळणीसाठी थांबत नाही, आणि त्याला थांबवले तर तो दुसरीकडे जातो, चूक झालीच तर ती पडद्यावर काही मिनिटांत दुरुस्त करता येते, आकडे तर खेळाच्या नियामक मंडळाकडूनच येतात, तेव्हा वार्ताहराने वेगळे तपासण्यासारखे काही उरत नाही, आणि शेवटी, खेळाच्या बातमीत थोडा रंग भरला नाही तर ती वाचवत नाही. ही पाचही विधाने व्यवहाराला धरून वाटतात आणि ती मांडणारे बहुतेक जण कामाच्या रेट्याने थकलेले प्रामाणिक लोक असतात, हे मान्य करूनही असे म्हणावे लागते की ही पाचही विधाने चुकीची आहेत, आणि ती का चुकीची आहेत हे दाखवण्यासाठी सुरतेइतके बोलके ठिकाण क्वचितच सापडेल.

सुरत हे तीन भाषांत बातमी वाचणारे शहर आहे. लिंबायत, उधना, पांडेसरा या भागांत खानदेशातून येऊन यंत्रमागावर आणि कापडाच्या बाजारात काम करणाऱ्या मराठी कुटुंबांची मोठी वस्ती असून घरात मराठी, कारखान्यात हिंदी आणि बाजारात गुजराती अशी सरमिसळ तेथे सहज चालते. १८६३ साली सुरू झालेले आणि देशातील सर्वांत जुन्या वृत्तपत्रांत गणले जाणारे ‘गुजरातमित्र’ याच शहरातले. अशा ठिकाणी मैदानावरची एक घटना दोन-तीन भाषांतून फिरून वाचकापर्यंत पोहोचते आणि प्रत्येक वळणावर तिच्यातील एखादा लहानसा शब्द गळण्याची शक्यता असते. ‘प्रथम श्रेणी’, ‘वैयक्तिक’, ‘सांघिक’, ‘पुरुष’, ‘एकवीस वर्षांखालील’, ‘चेंडूंच्या हिशेबाने’ हे अशा शब्दांचे नमुने होत. प्रस्तुत विवेचनात त्यांना मर्यादादर्शक शब्द म्हटले आहे, कारण विधान कुठवर खरे आहे त्याची हद्द ते आखतात. चुकलेला आकडा कोणीतरी पकडतो आणि तो दुरुस्तही होतो. हद्द पुसली गेलेली बातमी मात्र आकड्याने बरोबर असूनही खोटी असते, आणि म्हणूनच ती अधिक काळ टिकते.

९ नोव्हेंबर २०२५ रोजी सुरतेच्या पिठवाला मैदानावर मेघालय आणि अरुणाचल प्रदेश यांच्यातील रणजी करंडक सामन्याचा दुसरा दिवस होता. हा सामना प्लेट गटातला, म्हणजे स्पर्धेच्या खालच्या पायरीवरचा होता. वरच्या एलिट गटातून उतरलेले आणि तुलनेने नवे संघ या गटात खेळतात, आणि त्यांच्या सामन्यांना प्रेक्षक थोडे व वार्ताहर त्याहून थोडे असतात. मेघालयाचा आकाश कुमार चौधरी हा मूळचा वेगवान गोलंदाज आठव्या क्रमांकावर फलंदाजीस आला आणि त्याने ११ चेंडूंत अर्धशतक पूर्ण केले. लिस्टरशायरच्या वेन व्हाइट याने २०१२ साली एसेक्सविरुद्ध १२ चेंडूंत केलेल्या अर्धशतकाचा विक्रम त्यामुळे मागे पडला. लिमार डाबी या गोलंदाजाच्या एका षटकातील सहाही चेंडूंवर चौधरीने षटकार मारले आणि एकंदर लागोपाठ आठ चेंडूंवर आठ षटकार नोंदवले. मेघालयाने ६ बाद ६२८ धावांवर डाव घोषित केला तेव्हा तो १४ चेंडूंत ५० धावांवर नाबाद होता.

या डावाची बातमी एका वाक्यात सांगायची झाली तर ‘क्रिकेट इतिहासातील सर्वांत वेगवान अर्धशतक’ हे शब्द हाताशी तयार असतात, आणि हे वाक्य खोटे आहे. नेपाळच्या दीपेंद्र सिंह ऐरी याने २०२३ सालच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत मंगोलियाविरुद्धच्या टी-२० आंतरराष्ट्रीय सामन्यात ९ चेंडूंत अर्धशतक केले होते. चौधरीचा विक्रम प्रथम श्रेणी क्रिकेटमधला आहे, म्हणजे किमान तीन दिवस चालणाऱ्या आणि प्रत्येक संघाला दोन डाव खेळता येतील अशा, अधिकृत दर्जा मिळालेल्या सामन्यांतला आहे. पण ‘प्रथम श्रेणीतील सर्वांत वेगवान’ एवढे म्हटल्यानेही काम भागत नाही. वेग चेंडूंनी मोजायचा की घड्याळाने, हा प्रश्न उरतोच. मूळचा सिलोनचा, म्हणजे आजच्या श्रीलंकेचा, क्लाइव्ह इनमन हा लिस्टरशायरचा फलंदाज १९६५ साली नॉटिंगहॅमशायरविरुद्ध अवघ्या ८ मिनिटांत अर्धशतकापर्यंत पोहोचला होता आणि चौधरीला ९ मिनिटे लागली. त्यामुळे मिनिटांच्या हिशेबाने विक्रम आजही इनमनचाच आहे. इनमनच्या त्या डावाचीही एक बाजू सांगावी लागते : समोरच्या संघाने डाव लवकर घोषित व्हावा म्हणून त्याला मुद्दाम सोपे चेंडू टाकले होते. यापुढची हद्द आणखी सूक्ष्म आहे. क्रिकेटच्या इतिहासाच्या फार मोठ्या भागात प्रत्येक फलंदाजाने किती चेंडू खेळले याची नोंद गुणलेखक, म्हणजे सामन्याची अधिकृत वही लिहिणारे जाणकार, नेहमी ठेवतच नसत. धावा, बळी, षटके आणि फार तर वेळ लिहिली जाई. म्हणून चेंडूंच्या हिशेबाचा कोणताही विक्रम हा ‘ज्यांच्या चेंडूंची नोंद उपलब्ध आहे अशा डावांतील’ विक्रम असतो. हे सांगितल्याने चौधरीची कामगिरी लहान होत नाही. ती नेमकी कोणत्या शिखरावर उभी आहे तेवढे कळते.

‘आकडे तर मंडळाकडूनच येतात’ या युक्तिवादाचे उत्तर याच डावात आहे. मंडळाकडून आकडा येतो. त्या आकड्याचा अर्थ मात्र बातमी लिहिणाऱ्यालाच लावावा लागतो, आणि त्यासाठी मैदानावर हजर असण्याचीही गरज नसते. ‘लागोपाठ आठ षटकार’ हे शब्द घ्यावेत. षटक संपले की गोलंदाजीचे टोक बदलते, आणि षटकाच्या शेवटच्या चेंडूवर षटकार मारणारा फलंदाज पुढच्या षटकाच्या सुरुवातीला नॉन-स्ट्रायकरच्या टोकाला असतो. त्यामुळे एका षटकातील सहा षटकारांना जोडून त्याच फलंदाजाचे आणखी दोन षटकार सामन्याच्या सलग चेंडूंवर येणे शक्यच नाही. मध्ये जोडीदाराने किमान एक चेंडू खेळलेला असलाच पाहिजे. हे आठ षटकार चौधरीने स्वतः खेळलेल्या लागोपाठच्या चेंडूंवरचे आहेत, आणि ‘सामन्यात सलग आठ चेंडूंवर आठ षटकार’ असे लिहिणाऱ्याने खेळाचा प्राथमिक नियमच नजरेआड केला असे होते. धावांची बेरीजही घरबसल्या करता येते : आठ षटकारांच्या ४८ धावा वजा केल्या तर अर्धशतकाच्या ११ चेंडूंपैकी उरलेल्या तीन चेंडूंत दोन धावा उरतात, आणि त्याची सुरुवात एक निर्धाव चेंडू व दोन एकेरी धावांनी झाल्याच्या माहितीशी ती तंतोतंत जुळते. ही पडताळणी पूर्ण व्हायला दोन मिनिटेदेखील लागत नाहीत.

एका षटकातील सहा षटकारांबाबतही अशीच काळजी घ्यावी लागते. प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये हा पराक्रम गारफिल्ड सोबर्स यांनी १९६८ साली स्वान्सी येथे माल्कम नॅशच्या षटकात आणि रवी शास्त्री यांनी जानेवारी १९८५ मध्ये वानखेडे मैदानावर बडोद्याच्या तिलक राजच्या षटकात केला, चौधरी तिसरा. या यादीत दक्षिण आफ्रिकेच्या माइक प्रॉक्टर यांचे नाव जोडण्याचा मोह पुष्कळांना होतो, कारण १९७९ साली ग्लॉस्टरशायरकडून खेळताना त्यांनीही लागोपाठ सहा चेंडूंवर सहा षटकार मारले होते, परंतु ते दोन षटकांत विभागलेले होते. ‘लागोपाठ सहा’ आणि ‘एका षटकात सहा’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांतला फरक पुसणाऱ्या बातमीत सोबर्स, शास्त्री आणि चौधरी या तिघांवरही अन्याय होतो. त्याच डावात मेघालयाच्या अर्पित भटेवरा याने द्विशतक केले होते, हेही येथे नोंदवायला हवे, कारण नऊ मिनिटांच्या झंझावातामागे दीर्घकाळ चाललेला तो डाव वाचकांच्या नजरेतून जवळजवळ निसटलाच.

क्रिकेटने पडताळणीला आपल्या कायद्यातच जागा दिलेली आहे, याचा विसर पडतो. खेळाच्या नियमांतील तिसरा नियम गुणलेखकांविषयी आहे. त्यानुसार सामन्याला दोन गुणलेखक नेमले जातात, त्यांनी आपल्या नोंदी एकमेकांशी वारंवार ताडून पाहायच्या असतात, आणि पंचांशी धावा, बळी व षटके यांचा मेळ ठराविक वेळी घालायचा असतो. एकाच घटनेचे दोन स्वतंत्र साक्षीदार आणि त्यांच्या नोंदींचा नियमित मेळ, ही तथ्यपडताळणीची, म्हणजे प्रसिद्धीपूर्वी विधानाचा आधार तपासण्याची, जगन्मान्य रीत आहे. खेळ ज्या दक्षतेने स्वतःची वही लिहितो, तिच्या निम्मी दक्षताही बातमी दाखवणार नसेल तर त्या बातमीला क्रीडावार्ता म्हणण्यात अर्थ नाही.

धावफलक दिसतो म्हणून सामना खरा, हा समज तर धोकादायकच ठरला आहे. २०२० च्या जून अखेरीस श्रीलंकेतील बदुल्ला येथे चालल्याचे भासवलेली ‘उवा टी-२०’ नावाची स्पर्धा प्रत्यक्षात चंदीगडजवळच्या सवारा गावातील मैदानावर खेळवली जात होती. तिचे थेट प्रक्षेपण झाले, धावाही इंटरनेटवर झळकल्या, आणि श्रीलंकेच्या मंडळाचा तिच्याशी काहीही संबंध नव्हता. दोनच वर्षांनी, जुलै २०२२ मध्ये, गुजरातच्या मेहसाणा जिल्ह्यातील वडनगर तालुक्यात मोलीपूर गावाच्या शेतात आयपीएलच्या नावाने बनावट सामने भरवून रशियातील सट्टेबाजांना फसवणारी टोळी पोलिसांनी पकडली. शेतमजूर आणि बेकार तरुण यांना सामन्यामागे सुमारे चारशे रुपये देऊन रंगीत गणवेश घातले गेले होते, आणि प्रक्षेपण मात्र खऱ्या स्पर्धेचा आभास निर्माण करणारे होते. सट्टा लावणाऱ्यांना फसवणे जेवढे सोपे होते, तेवढेच पडद्यावरून बातमी उचलणाऱ्याला फसवणेही सोपे आहे, कारण दोघेही एकाच गोष्टीवर विसंबून असतात. मैदान कुठे आहे, स्पर्धेला कोणाची मान्यता आहे, खेळाडूंची नावे नोंदणीत आहेत का, हे तीन प्रश्न विचारले असते तर या दोन्ही प्रकरणांत संशय पहिल्याच दिवशी आला असता.

चुकीने कोणाचे नुकसान होत नाही, हे विधान खेळाच्या जगात सर्वाधिक असत्य आहे, आणि त्याचा पुरावाही सुरतेतच मिळतो. सप्टेंबर-ऑक्टोबर २०१९ मध्ये भारत आणि दक्षिण आफ्रिका यांच्या महिला संघांची टी-२० मालिका लालभाई कॉन्ट्रॅक्टर मैदानावर झाली; पावसाने दोन सामने वाया गेल्यामुळे पाच सामन्यांच्या या मालिकेत सहावा सामना वाढवावा लागला. २४ सप्टेंबरला पंधरा वर्षांच्या शफाली वर्माने येथे पदार्पण केले, आणि भारताकडून टी-२० आंतरराष्ट्रीय सामना खेळणारी ती सर्वांत लहान खेळाडू ठरली. यातील ‘टी-२०’ हा शब्द गाळला की ती ‘भारताची सर्वांत लहान महिला क्रिकेटपटू’ होते, आणि १९७८ साली चौदाव्या वर्षी एकदिवसीय सामना खेळलेल्या गार्गी बॅनर्जी इतिहासातून बाद होतात. ४ ऑक्टोबरच्या शेवटच्या सामन्यात भारताचा १०५ धावांनी पराभव झाला, पण तो हरमनप्रीत कौरचा शंभरावा टी-२० आंतरराष्ट्रीय सामना होता आणि या टप्प्यावर पोहोचणारी ती पहिली भारतीय होती, पुरुष आणि महिला दोन्हींत. महिनाभराने, ७ नोव्हेंबर २०१९ रोजी, राजकोट येथे रोहित शर्माने आपला शंभरावा सामना खेळला. एकाच राज्यातील दोन शहरे, मध्ये पाच आठवड्यांचेही अंतर नाही, आणि तरीही रोहितच्या मथळ्यातून ‘पुरुष’ हा एक शब्द गळला की सुरतेत घडलेली गोष्ट कधी घडलीच नव्हती असे होते. खेळाडूच्या आयुष्यात ‘पहिली’ हे विशेषण एकदाच येते. ते हिरावून घेणे हे नुकसान नसेल, तर नुकसान या शब्दाचा अर्थ नव्याने ठरवावा लागेल.

मराठी वाचकाला याहून जवळचे उदाहरण म्हणजे स्वप्नील कुसळेचे. कोल्हापूर जिल्ह्यातील राधानगरी तालुक्याच्या कांबळवाडीच्या या नेमबाजाने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक मिळवले (नेमबाजीच्या स्पर्धा पॅरिसमध्ये नव्हे तर शातोरू येथे झाल्या होत्या, आणि तेवढे सांगितले तरी बातमीचा दर्जा वाढतो). १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमधील खाशाबा जाधव यांच्या कांस्यपदकानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला ७२ वर्षांनी मिळालेले हे वैयक्तिक पदक होते. ‘वैयक्तिक’ हा शब्द ठेवला तर वाक्य खरे आणि गौरवाचे आहे. तो वगळून ‘महाराष्ट्राला ७२ वर्षांनी ऑलिंपिक पदक’ असे लिहिले तर मुंबईचा मर्विन फर्नांडिस आणि १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकमधील हॉकीचे सुवर्णपदक यांना पुसून टाकावे लागते. सुरतेच्या टेबल टेनिसपटूंबाबतही हीच गत होऊ शकते. मानव ठक्कर २०२० साली जागतिक क्रमवारीत पहिला आला तो एकवीस वर्षांखालील गटात, आणि हरमीत देसाईची २०१८ व २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धांतील सुवर्णपदके ही सांघिक आहेत. या दोघांची कामगिरी स्वतःच्या बळावर मोठी आहे. तिला फुगवून सांगणारा मथळा पुढच्या खऱ्या यशासाठी शब्दच शिल्लक ठेवत नाही : उद्या त्यांपैकी कोणी खुल्या गटात पहिला आला तर वाचकाला वाटेल की हे तर आधीच झाले होते.

वेगाचा युक्तिवाद सर्वांत जोरकस आहे, म्हणून त्याला उत्तरही सविस्तर द्यायला हवे. वाचक थांबत नाही हे खरे आहे, पण वेग आणि अचूकता यांच्यात निवड करावी लागते हा समज खरा नाही. २३ ऑगस्ट २०२३ रोजी झिम्बाब्वेचे माजी कर्णधार हीथ स्ट्रीक यांच्या निधनाची बातमी त्यांच्या एका माजी सहकाऱ्याच्या समाजमाध्यमावरील संदेशावरून जगभर पसरली, नामांकित वृत्तसंस्थांनी व वृत्तपत्रांनी ती चालवली, आणि काही तासांत स्ट्रीक यांनी स्वतःच आपण जिवंत असल्याचे सांगितले. ते त्या वेळी कर्करोगाशी झुंजत होते आणि ३ सप्टेंबरला त्यांचे निधन झाले. आयुष्याच्या शेवटच्या पंधरवड्यात स्वतःच्या मृत्यूची बातमी वाचण्याची वेळ ज्या माणसावर आणि त्याच्या घरच्यांवर आली, त्यांना ‘नंतर दुरुस्त केले’ हे उत्तर देता येत नाही. तेथे कमी पडला तो वेळ नव्हता. कुटुंबाकडे केलेला एक फोन कमी पडला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये रतन टाटा यांनी अफगाणिस्तानच्या रशीद खानला दहा कोटी रुपयांचे बक्षीस जाहीर केल्याची वदंता विश्वचषकाच्या काळात पसरली आणि टाटांना स्वतः खुलासा करावा लागला. त्यांचे वडील नवल टाटा हे सुरतेत जन्मलेले आणि भारतीय हॉकी महासंघाचे दीर्घकाळ अध्यक्ष राहिलेले गृहस्थ. खेळासाठी प्रत्यक्षात एवढे करणाऱ्या कुटुंबाच्या नावावर न केलेले दान खपवले जावे, ही स्थिती लाजिरवाणी आहे.

दुरुस्तीचा भरवसाही फसवा आहे. मथळा पसरतो तो हजारो लोकांच्या मोबाइलवरून पुढे जाऊन, आणि दुरुस्ती राहते मूळ ठिकाणी. भारतीय प्रेस परिषदेच्या आचारसंहितेत अचूकता आणि निःपक्षपात यांना अग्रस्थान आहे आणि चूक आढळल्यास ती योग्य ठळकपणे, वेळीच दुरुस्त करावी असे तेथे सांगितले आहे. क्रीडापानावरची दुरुस्ती मात्र क्वचितच क्रीडापानावर येते, आणि आली तरी आतल्या कोपऱ्यात येते. ज्या आकारात चूक छापली त्याच आकारात दुरुस्ती छापण्याचा नियम एखाद्या संपादकाने वर्षभर पाळून पाहिला, तर पडताळणीसाठी लागणारी ती दोन मिनिटे आपोआप सापडू लागतील.

रंग भरण्याच्या युक्तिवादामागे अशी कल्पना असते की सत्य कोरडे असते आणि दंतकथा रसाळ. मिल्खा सिंग यांच्या १९६० च्या रोम ऑलिंपिकमधील चारशे मीटर शर्यतीची गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या अशी सांगितली गेली की ते सर्वांत पुढे असताना त्यांनी मागे वळून पाहिले आणि पदक हुकले; कधी कधी त्यांनी विश्वविक्रम मोडल्याचेही छापले गेले. शर्यतीच्या चित्रफितीत शेवटच्या टप्प्यात ते आघाडीवर दिसत नाहीत, आणि विश्वविक्रम मोडला तो ४४.९ सेकंद अशी एकच वेळ नोंदवणाऱ्या ओटिस डेव्हिस आणि कार्ल कॉफमन यांनी. मिल्खा सिंग ४५.६ सेकंदांत चौथे आले, तिसऱ्या आलेल्या माल्कम स्पेन्सपेक्षा सेकंदाच्या एक दशांशाने मागे. रोमपूर्वीचा ऑलिंपिक विक्रम ४५.९ होता, म्हणजे तोही त्यांनी मागे टाकला होता, आणि त्यांचा हा राष्ट्रीय विक्रम परमजीत सिंगने मोडेपर्यंत ३८ वर्षे टिकला. यात कोरडे काय आहे? मान वळवल्याच्या गोष्टीत एका मोठ्या धावपटूला बेसावध ठरवले जाते; खऱ्या आकड्यांत तो जगातल्या सर्वांत वेगवान शर्यतीत दशांश सेकंदाने हरलेला दिसतो.

रंगवलेल्या बातमीचा भार प्रत्यक्ष माणसावर कसा पडतो, हे कल्याणच्या प्रणव धनावडेच्या बाबतीत दिसले. जानेवारी २०१६ मध्ये भंडारी करंडक या आंतरशालेय स्पर्धेत त्याने नाबाद १००९ धावा केल्या आणि १८९९ सालच्या ए. ई. जे. कॉलिन्सच्या नाबाद ६२८ धावांचा विक्रम मोडला. चार आकडी धावसंख्या हे निर्विवाद सत्य होते. त्याच सामन्यात समोरच्या शाळेचे दोन डाव ३१ आणि ५२ धावांत संपले होते, हेही सत्य होते, आणि दोन संघांच्या ताकदीतील तफावत सांगणारा तो आकडा पहिल्याच परिच्छेदात असायला हवा होता. तो मागे पडला, मुलाची तुलना थेट कसोटीवीरांशी झाली, आणि दीडएक वर्षातच मुंबई क्रिकेट संघटनेने दिलेली शिष्यवृत्ती थांबवावी अशी विनंती त्याच्या वडिलांना करावी लागली. पंधरा वर्षांच्या मुलाकडून काय अपेक्षा ठेवावी हे वाचकाला कळण्यासाठी ३१ आणि ५२ हे दोन आकडे पुरेसे होते.

आरोपाची बातमी हा याहून गंभीर प्रांत. वयचोरी, सामनानिश्चिती, उत्तेजक द्रव्यांचे सेवन यांविषयीच्या बातम्यांत एक चुकीचा शब्द कारकीर्द संपवू शकतो. उत्तेजक चाचणीत खेळाडूचा नमुना दोन कुप्यांत ठेवला जातो. ‘अ’ कुपीत द्रव्य आढळले तर खेळाडूला ‘ब’ कुपी तपासून घेण्याचा आणि नंतर सुनावणीत बाजू मांडण्याचा हक्क असतो, आणि या टप्प्यांपूर्वी त्याला दोषी म्हणणे ही वस्तुस्थितीची चूक असते. सत्य छापण्याची हिंमत आणि ते सिद्ध करण्याची तयारी या दोन्ही गोष्टी एकत्र लागतात, हे सुरतेला तरी नव्याने सांगायला नको. करसनदास मुळजी यांनी ‘सत्यप्रकाश’मध्ये सुरतेच्या जदुनाथजी महाराजांच्या वर्तनावर लिहिले आणि त्यावरून १८६२ साली मुंबईत गाजलेला बदनामीचा खटला उभा राहिला, तेव्हा डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासारखे साक्षीदार न्यायालयात उभे राहिले आणि लेखनामागचे सत्य सिद्ध झाल्यामुळेच करसनदास सुटले. खेळाडूवर किंवा संघटनेवर आरोप करणाऱ्या प्रत्येक वार्ताहराने आपल्या वाक्याला असे साक्षीदार मिळतील का, हे छापण्यापूर्वी पाहावे.

मराठीत या कामाची परंपरा नाही असे म्हणता येणार नाही. वि. वि. करमरकर यांनी ‘महाराष्ट्र टाइम्स’मध्ये खेळाला स्वतंत्र स्थान मिळवून दिले आणि क्रिकेटबरोबर कबड्डी, खो-खो, कुस्ती यांनाही गंभीर वार्तेचा दर्जा दिला, मुंबईत आनंदजी डोसा आणि सुधीर वैद्य यांच्यासारख्या आकडेतज्ज्ञांनी संगणक नसण्याच्या काळात हाताने नोंदी जपल्या. ही परंपरा पुढे न्यायची तर पहिली गरज देशी खेळांना आहे. क्रिकेटचा धावफलक निदान कुठेतरी सापडतो. सुरतेत किंवा खानदेशात भरणाऱ्या स्थानिक कबड्डी स्पर्धेचा आणि कुस्तीच्या फडाचा निकाल पुष्कळदा दुसऱ्या दिवशीच्या बातमीतच काय तो उरतो, आणि त्या बातमीत मल्लाचे नाव, त्याची तालीम किंवा वजनगट चुकला तर तो चुकलेलाच राहतो, कारण ताडून पाहायला दुसरी वहीच नसते. जेथे नोंद ठेवणारे कोणी नाही तेथे वार्ताहर हाच गुणलेखक असतो.

पिठवाला मैदानावरील त्या डावाविषयीचे खरे वाक्य असे आहे : ९ नोव्हेंबर २०२५ रोजी सुरत येथे मेघालयाच्या आकाश कुमार चौधरीने अरुणाचल प्रदेशविरुद्ध रणजी करंडकाच्या प्लेट गटातील सामन्यात, चेंडूंची नोंद उपलब्ध असलेल्या प्रथम श्रेणी डावांमध्ये सर्वांत कमी, म्हणजे ११ चेंडूंत, अर्धशतक पूर्ण केले. हे वाक्य पूर्ण छापायला मथळ्याखाली दोन ओळी जास्त लागतात. संपादकांनी त्या दोन ओळींची जागा द्यावी, आणि त्यांनी दिली नाही तर वाचकांनी ती मागून घ्यावी.